नव्वद दिवस

दहिसर, रविवार

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "बाबा, सोमवारी राजीनामा टाकते, पंधरा दिवसांत सुटते." मी नुसतं हूं केलं. तुझी गाडी घाटकोपरला शिरत होती, आणि घाटकोपरला उतरणाऱ्या माणसाशी वाद घालू नये. म्हणून हे लिहितोय.

तुझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये नोटीस नव्वद दिवसांची आहे, म्हणजे राजीनाम्यानंतर तेवढे दिवस काम करायचं. जॉइन झालीस तेव्हा आपण दोघांनी ते जेवणाच्या टेबलावर वाचलं होतं. तू पगाराचा आकडा बघत होतीस, मी ती ओळ. नवी कंपनी "लगेच या" म्हणते, उरलेल्या दिवसांचे पैसे भरून टाकते म्हणते. अशा बायआउटला तुझी कंपनी तयार असेल तर त्यात गैर काही नाही. पण आधी हिशेब कर.

तुला चार वर्षं दहा महिने झाले. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या एकरकमी पैशांना, सलग पाच वर्षं लागतात आणि नोटीसमध्ये केलेलं कामही नोकरीतच धरतात. नव्वद दिवस पुरे केलेस तर पाच वर्षं एक महिना होतो. महिन्याचा बेसिक पगार बावन्न हजार धर. त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, म्हणजे वर्षाचे तीस हजार. पाच वर्षांचे दीड लाख. पंधरा दिवसांत सुटलीस तर त्यावर पाणी सोडावं लागेल, किंवा भांडत बसावं लागेल. नव्या कंपनीला हे सरळ सांग. तुझी गरज असेल तर थांबतील, निदान दोन महिने तरी.

आता माझं ऐक, जे तुझ्या आईलाही अर्धंच माहीत आहे. १९९३ साली मी मशीद बंदरला एका क्लिअरिंग एजंटकडे हिशेब लिहायचो. अंधेरीला चारशे रुपये जास्त मिळत होते. शेठनं पगार वाढवला नव्हता, त्याचा राग होताच. शनिवारी संध्याकाळी सांगितलं, सोमवारपासून येणार नाही. महिना होता मार्च. शेठनं महिन्याचा पगार अडकवला, त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. पण घरी येऊन पँट टांगताना खिशात किरकोळ खर्चाच्या पेटीची किल्ली सापडली. लाजेनं आठ दिवस गेलो नाही. गेलो तेव्हा पेटीचं कुलूप तोडलेलं होतं आणि आमचे हेडक्लार्क काका माझी खतावणी पुढ्यात घेऊन बसले होते, माझ्याच अक्षरात अर्धवट राहिलेल्या पानावर. त्यांनी किल्ली घेतली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि परत मान खाली घातली. चहा विचारला नाही. शेठचा राग मी काढला काकांवर.

तुझ्याही बॉसला काही होणार नाही. तुझ्या फाइली त्या शेजारच्या मुलीच्या गळ्यात पडतील, जिच्या डब्यातली भाजी तू रोज खातेस.

बाकी बारीकसारीक. नव्या कंपनीचं ऑफर लेटर हातात येईपर्यंत तोंड उघडू नकोस. राजीनामा मेलवर दे, त्यात तारीख आणि लास्ट वर्किंग डे लिही. बॉसशी केबिनमध्ये बोललीस म्हणजे नोटीस सुरू झाली असं नसतं. नोटीसमध्ये सुट्ट्या टाकल्या तर काही ठिकाणी तेवढे दिवस पुढे ढकलतात, तेव्हा गोव्याचं आधी विचारून घे. रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कंपनीनं तुला मोकळं केल्याचं पत्र, घेतल्याशिवाय गप्प बसू नकोस. पीएफमध्ये त्यांनी तुझी सोडल्याची तारीख टाकली का तेही बघ, नाहीतर नव्या कंपनीकडे पीएफचा ट्रान्सफर रखडतो.

सोमवारी मेल टाकायचा तर टाक, पण नव्वद दिवसांचा. पाठवण्याआधी मला वाचून दाखव, रात्री दहानंतर, घरी पोचल्यावर.

तुझा,
बाबा