चमचाभर कॅफीन आणि तालुक्याची कॅज्युअल्टी: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

शाळांपासून 500 मीटरच्या आत एनर्जी ड्रिंक विकू देणार नाही, अशी घोषणा जुलै 2024 मध्ये विधान परिषदेत झाली. चांगलंच आहे. पण मला कॅनपेक्षा चमच्याची धास्ती जास्त वाटते. शुद्ध कॅफीनच्या पावडरीचा एक छोटा चमचा म्हणजे जवळजवळ 28 कप कॉफी, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेला आहे. साधारण 10 ग्रॅम जिवावर बेततात. व्यायामाआधी ही पावडर घेणाऱ्या जिममधल्या पोरांना हे कोण सांगणार?

ब्रिटनमधल्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात 2015 साली एका प्रयोगात दोन विद्यार्थ्यांना 0.3 ग्रॅमऐवजी 30 ग्रॅम कॅफीन दिलं गेलं. मोबाइलवर हिशेब करताना दशांश चिन्ह चुकलं, एवढंच. अतिदक्षता विभागात डायलिसिस झालं आणि दोघेही वाचले. कॅफीनचा रेणू लहान, रक्तातल्या प्रथिनांना फारसा न चिकटणारा. डायलिसिसमध्ये तो धुऊन निघतो.

अशी पावडर जास्त पोटात गेलेला मुलगा तालुक्याच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, आला तर? उलट्या, थरथर, नाडी दीडशेच्या वर. पहिला संशय दारूचा, नाहीतर 'घाबरलाय'. ईसीजी बघून कुणी हृदयाची धावपळ थांबवायला ॲडेनोसिन टोचतं, ते लागू पडत नाही. ते जिथे बसायचं ती जागाच कॅफीनने अडवलेली असते. तिथे एस्मोलॉलसारखं बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचा वेग आवरणारं औषध, लागतं. झटक्यांना लोराझेपाम किंवा मिडाझोलाम. लवकर आला आणि पूर्ण शुद्धीत असला तर पोटातलं विष शोषून घेणारा औषधी कोळसा. रक्तातलं पोटॅशियम भराभर उतरतं, पण ते पेशींमध्ये शिरलेलं असतं आणि पुढे परत येतं, म्हणून भरताना हात राखून. रक्तदाब कोसळला की सवयीने ॲड्रेनालिनकडे हात जातो. आधीच उधळलेल्या हृदयाला तो चाबूक. त्यापेक्षा नॉरॲड्रेनालिन बरं.

साहेब, एवढं सगळं एका पानात मावतं. ते पान प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत भिंतीवर लावा. त्याखाली दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा 1800 116 117 हा क्रमांक ठळक छापा. रात्री दोनलाही तिथे फोन उचलतात. आणि रात्री कुठलं डायलिसिस केंद्र उघडं आहे, ते 108 च्या गाडीला आधीच ठाऊक असू द्या. नाहीतर "किडनी चांगली आहे, मग डायलिसिस कशाला?" असं विचारून पोराला तिसऱ्या दवाखान्यात रेफर करतील.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी