सर, तुम्ही आमचा प्रोजेक्टर दुरुस्त केला नाहीत म्हणून

सर, सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं कळलं. निरोपाला येणं जमलं नाही, म्हणून चार ओळी लिहिते. सगळ्यांनी वाचल्या तरी हरकत नाही.

आपल्या केंद्रातल्या शाळांची शिक्षण परिषद सुटल्यावर मी तुम्हाला अडवलं होतं. "तुम्ही तंत्रस्नेही, आमचा प्रोजेक्टर तेवढा बघून द्या." तुम्ही बिचारे जेवणाचा डबा तसाच ठेवून आमच्या साक्री तालुक्यातल्या आडवळणाच्या शाळेत आलात.

प्रोजेक्टर २०१६चा. 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आदल्याच वर्षी निघाला होता, गावोगाव डिजिटल शाळा होत होत्या. आमच्या गावानेही कांद्याच्या पट्टीतून वर्गणी काढली, नारळ फुटला, फेटे झाले. पुढे वीजबिल थकलं, मीटर गेला. परत आला तोवर दिव्याने मान टाकली होती. तुम्ही झाकण उघडलंत तर आत पालीची दोन अंडी! ती अलगद खिडकीत ठेवून तुम्ही म्हणालात, "मॅडम, याच्या नादी लागू नका. तुमचा मोबाइल द्या." मला रागच आला होता. वर्गणी देणाऱ्यांना मी काय सांगू?

तुम्ही तिसरीतल्या एका मुलीला धडा वाचायला लावलात, आवाज रेकॉर्ड केलात आणि फोन तिच्याच कानाशी धरलात. तिचे डोळे मोठे झाले. "हाऊ मना आवाज शे?" मग पुस्तकावर बोट ठेवून ती स्वतःला ऐकू लागली. 'झाडावरून' असताना तिने 'झाडावर' वाचलं होतं. शब्दाचं शेपूट अंदाजाने तोडायची तिची सवय मी वर्षभर सांगून थकले होते. तिथे बोट थांबलं आणि ती आपणहून म्हणाली, "परत म्हणते."

कोरोनात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत रोज अभ्यास यायचा, पण आमच्या निम्म्या घरांत साधा फोन होता. ती मुलं शाळेत आली तेव्हा अक्षरं ओळखत, वाक्य लागत नसे. द्विशिक्षकी शाळेत एकेकाचं वाचन ऐकायला वेळ कुठून आणायचा? मी तिसरीला घेऊन बसले की आता चौथीची पोरं व्हरांड्यात फोन घेऊन बसतात. नियम त्यांनीच केलाय: एकदा वाचायचं, ऐकायचं, पुन्हा वाचायचं, पहिलं पुसायचं. मी सुट्टीत मोजकी ऐकते. वर्गात तोंड न उघडणाऱ्या एकाने तर आजीची अहिराणी गोष्टच भरून आणली. ती प्रमाण मराठीत लिहिताना पोरांची जी भांडणं झाली, तेवढा व्याकरणाचा तास मी कधी घेतला नव्हता.

बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड मी पानाची नक्षी समजून सोडून देत होते. असेच क्यूआर कोड वापरून शिकवणाऱ्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा टाळ्या वाजवल्या, पण आमच्याकडे रेंज कुठे? 'दीक्षा' या सरकारी अॅपवरचे व्हिडिओ रेंज असलेल्या एसटी स्टँडवर डाउनलोड करून घ्यायचे आणि शाळेत नेटशिवाय दाखवायचे, एवढी साधी युक्तीही तुमचीच. आता फोनची मेमरी सारखी भरते आणि घरचे माझ्यावर चिडतात, ते वेगळं.

सगळंच जमलं असं मात्र नाही. भागाकाराला अजून चिंचोकेच बरे पडतात. व्हिडिओत पोरं उत्तर पाहतात, वाटणी करत नाहीत. आणि अडखळत बोलणारा एक मुलगा स्वतःचा आवाज ऐकून जास्तच मिटला. त्याचं रेकॉर्डिंग मी थांबवलं. तो माझ्याजवळ बसून वाचतो, हळू.

गावाला प्रोजेक्टरचं मी खरं सांगितलं. सरपंच हसले, म्हणाले, "पालीने तरी वापरला."

त्या मुलीची दोन वाचनं व्हॉट्सअॅपवर पाठवते, एक त्या दिवशीचं, एक मार्चमधलं. दुसऱ्यात मध्येच कोंबडी ओरडते. ती शेजारच्यांची, शाळेची नव्हे. नव्या शाळेत रेंज असेल तर तुमचंही काही पाठवा.

आपली,
तिसरी-चौथीच्या मॅडम