वृत्तपत्रातील कविता तिच्या पानासह जपावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ६ जानेवारीला 'दर्पण' या पहिल्या मराठी वृत्तपत्राचे स्मरण होते आणि बाळशास्त्री जांभेकरांच्या पोंभुर्ल्यासह साऱ्या कोकणात जुन्या संपादकांच्या लेखनाविषयी बोलले जाते. ते उचितच आहे. मात्र या चर्चेत वृत्तपत्राचा अर्थ बातमी आणि अग्रलेख एवढाच धरला जातो. 'दर्पण' निघाला त्या १८३२ सालाच्या आधीपासून इंग्लंडमधील वृत्तपत्रांत कवितेला हक्काची जागा होती, याचा उल्लेख कुठे होत नाही, म्हणून हे पत्र.

त्या कविता बातम्या, बाजारभाव आणि जहाजांच्या वर्दीशेजारी छापल्या जात. पुष्कळ निनावी किंवा टोपणनावाने येत, आणि एका पत्रातली कविता दुसरे पत्र सर्रास उचलून छापी. विणकामाची यंत्रे मोडणाऱ्या कामगारांना फाशी देण्याचे विधेयक १८१२ साली ब्रिटिश संसदेपुढे आले, तेव्हा लॉर्ड बायरन या इंग्रज कवीने २७ फेब्रुवारीला उमरावांच्या सभागृहात त्याविरुद्ध भाषण केले, आणि २ मार्चच्या 'मॉर्निंग क्रॉनिकल'मध्ये त्याच विषयावरची त्याची जळजळीत कविता नावाविना प्रसिद्ध झाली. ज्या काव्यग्रंथाने तो घरोघरी पोहोचला, तो तेव्हा अजून बाजारात यायचा होता. आज संग्रहात ही कविता वाचताना तिच्यामागची घाई आणि संताप यांचा पत्ता तळटीपेतून लावावा लागतो. त्या सोमवारी अंक हाती घेणाऱ्याला तो कोणी सांगावा लागला नसेल. शेली या इंग्रज कवीचे 'ओझिमॅन्डियस' हे सुनीतही प्रथम ११ जानेवारी १८१८ च्या 'एक्झामिनर' या साप्ताहिकात टोपणनावाने आले, आणि त्याच विषयावरचे त्याचा मित्र होरेस स्मिथ याचे सुनीत १ फेब्रुवारीला तिथेच छापले गेले. दोन मित्रांची ही चढाओढ वाचकांसमोर झाली. शेलीचे सुनीत अजरामर ठरले, स्मिथचे मागे पडले, आणि पुस्तकांतून चढाओढच नाहीशी झाली.

बंगालमध्ये १८३१ साली 'संवाद प्रभाकर' सुरू करणारे ईश्वरचंद्र गुप्त स्वतः कवी होते. पुढे त्यांनी जुन्या लोककवींची चरित्रे आणि गीते शोधून आपल्याच पत्रात छापली. पेणच्या भाऊ महाजनांचा 'प्रभाकर' १८४१ चा. पण आपल्याकडील आरंभीच्या पत्रांचा ओढा मुख्यतः गद्याकडे राहिला. माझ्या मते याचे कारण असे, की आर्या, ओवी, लावणी, पोवाडा यांना कीर्तनात आणि फडावर हक्काचा श्रोता होता, तर नव्या विद्येला मात्र छापील गद्यावाचून दुसरी वाट नव्हती. बाळशास्त्रींना पद्याचे वावडे होते असे कोणी समजू नये; १८४५ साली ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून काढणारे तेच.

पुढच्या काळात मराठी पत्रांतूनही कविता मोठ्या प्रमाणात छापल्या गेल्या, आणि माझी विनंती त्यांच्याविषयी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे. अशी जुनी वाचनालये ज्या कोकणात आहेत, तिथेच या कविता जपण्याचे काम व्हावे. आमच्या दमट हवेत आणि वाळवीच्या तडाख्यात जुना कागद फार काळ टिकत नाही, त्यामुळे स्कॅनिंगची घाई समजण्यासारखी आहे. तरीही कवितेपुरता चौकोन कापून घेऊ नये. संपूर्ण पान घ्यावे. सूचीमध्ये लेखांबरोबर कवितेची पहिली ओळ, छापलेले नाव किंवा टोपणनाव, अंकाची तारीख आणि पृष्ठ यांची नोंद करावी. कवी अज्ञात असला म्हणून ती टाळू नये. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांनी वहीत चिकटवलेली कात्रणे आहेत, त्यांनी ती उचकटून काढू नयेत. कात्रणाच्या मागच्या बाजूची अर्धी बातमी किंवा जाहिरात हाच पुष्कळदा तारखेचा एकमेव पुरावा असतो. वही आहे तशी जवळच्या वाचनालयात दाखवावी, आणि वाचनालयांनीही केवळ दुर्मीळ पुस्तके न मागता अशा वह्या मागवाव्यात.

आपला,
एक वाचक, देवगड (जि. सिंधुदुर्ग)