तक्रार: 'आयसोलेटेड' सांगून साधाच व्हेरिअ‍ॅक पाठवलात

नमस्कार,

मी रत्नागिरीजवळच्या गावात राहतो, घराच्या पडवीत व्हॉल्व्हचे अँप आणि रेडिओ तपासायला टेबल मांडतोय. त्यासाठी तुमचा नॉब फिरवून ० ते २७० व्होल्ट देणारा व्हेरिअ‍ॅक घेतला, कारण जाहिरातीत ठळक लिहिलंय 'आयसोलेटेड आउटपुट' (म्हणजे आउटपुट घरच्या लाइनला तारेने थेट जोडलेलं नाही), आणि फोनवर तुमच्या माणसाने पण "हो सर, फुल आयसोलेशन" असं छातीठोक सांगितलं. माल दणकट आहे, नॉब लोण्यासारखा फिरतो, त्यावर काही म्हणणं नाही. पण प्लग बाहेर ठेवून मीटर कंटिन्युइटीला लावला, एक प्रोब प्लगच्या न्यूट्रल पिनला, दुसरा आउटपुटच्या काळ्या टर्मिनलला, तर मीटर पीऽऽ करून ओरडतोय! म्हणजे आत तारेचं एकच वेटोळं (वाइंडिंग), निव्वळ ऑटो ट्रान्सफॉर्मर. आयसोलेशनला दोन वेगळी वाइंडिंग लागतात हे गिऱ्हाइकाने तुम्हाला शिकवायचं का?

कस्टमर केअर म्हणतं, फ्यूज दिलाय, घाबरू नका. अहो, फ्यूज वायर वाचवायला असतो, माणूस नाही! घरातला आरसीसीबी, म्हणजे गळती पकडून लाइन तोडणारा स्विच, ३० मिलिअँपला पडतो तो उगाच का? माझ्याकडे यूसीएच८१, यूएल८४ व्हॉल्व्हवाले जुने एसी-डीसी रेडिओ येतात, त्यांना मेन ट्रान्सफॉर्मरच नसतो, चॅसी (धातूचा सांगाडा) थेट लाइनच्या एका वायरला. आता जुन्या घरांत सॉकेटला फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले सर्रास सापडतात, तसं असलं की तुमचा नॉब शून्यावर असला तरी काळ्या टर्मिनलवर पूर्ण २३० व्होल्ट, आणि पावसात आमच्या पडवीचा कोबा कायम ओलसर. अँपमधले ३०० व्होल्टचे कॅपॅसिटरमधला साठलेला चार्ज रेझिस्टर लावून उतरवणं, करंट आवरायला सिरीजमध्ये बल्ब लावणं, ते सगळं मी बघतो, पण जे विकताना कबूल केलंत ते तरी द्या की.

परत घ्या म्हटलं तर म्हणे मुदत संपली. घाटात दरड कोसळून पार्सल अडकलं होतं, ते दिवसही माझ्याच नावावर?

एक तर खरा १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर पाठवा, ५०० व्हीए चालेल, नाहीतर पूर्ण पैसे परत करा. परत नेण्याचं भाडं तुमचं, धोंड्यासारखा जड आहे. आणि जाहिरातीतला तो शब्द आजच काढा, कोणीतरी नवखा पोरगा विश्वास ठेवून चॅसीला हात लावेल. आठवड्यात उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकतो, मग जिल्हा ग्राहक आयोग. बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि मीटरचा व्हिडिओ सोबत जोडलाय.

पिकअपवाल्याला सांगा, टेम्पो वाडीपर्यंत चढत नाही, खालच्या स्टॉपवरून फोन करावा.