नसलेल्या कराच्या भीतीने घर देऊन टाकू नका

महोदय,

मी बावीस वर्षे करसल्लागार म्हणून काम करतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात वारसा कराचा विषय निघाला, तेव्हापासून माझ्याकडे येणारे ज्येष्ठ एकच प्रश्न विचारतात: ‘कर लागायच्या आत घर मुलांच्या नावावर करून टाकू का?’ काहींनी तर विचारायच्या आधीच करून टाकलेले असते. त्यांच्यासाठी जीव तुटतो, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे आज वारसा कर नाही. जुन्या माणसांना आठवते ती इस्टेट ड्यूटी (माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर लागणारा कर) १९५३ च्या कायद्याने आली, तिचा वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला आणि १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना ती रद्द झाली. वारसाने किंवा मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर घेणाऱ्याला प्राप्तिकरही भरावा लागत नाही. कर येतो तो वारस ती पुढे विकेल तेव्हा, भांडवली नफ्यावर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या किमतींतल्या फरकावर. गफलत होते ती इथेच. वडिलांनी हयातीत बक्षीसपत्र (घर भेट म्हणून देण्याचा दस्त) केले काय किंवा मृत्युपत्राने घर दिले काय, नफा काढताना किंमत वडिलांच्या खरेदीचीच धरतात आणि मालकीचा काळही त्यांच्यापासूनच मोजतात. घाई करून कराचा एक रुपयाही वाचत नाही.

बक्षीसपत्र स्वस्त पडते, हे खरे. महाराष्ट्रात राहते घर मुलाला, मुलीला, नातवंडांना द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये. काही ठिकाणी वर अधिभार. पण एकदा नोंदले की ते मनाला येईल तेव्हा मागे घेता येत नाही. माझ्या ओळखीच्या एका विधवा बाईंनी असेच घर एकुलत्या मुलाला दिले. मुलगा चांगला आहे, आजही आईला जपतो. पण त्याचा धंदा बसला, आणि घर त्याच्या नावावर असल्याने कर्ज देणाऱ्यांचे हात तिथवर पोचले. सत्तरीनंतर त्या भाड्याच्या खोलीत गेल्या. मुलांनी सांभाळलेच नाही तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने हस्तांतर रद्द करून घेता येते, मात्र सांभाळण्याची अट घालून दिलेले असेल तर. ही अट बहुतेक दस्तांत कोणी लिहीतच नाही.

मृत्युपत्राने घर मरेपर्यंत आपलेच राहते. ते साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (तरी करावी, असे मी सांगतो). दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. मन बदलले तर नवे लिहावे. शेवटचे तेच खरे.

मृत्युपत्र न लिहिता माणूस गेला तर काय होते, हे घरोघरी ठाऊक नसते. हिंदू पुरुषाची मालमत्ता एकट्या पत्नीला जात नाही. पत्नी, मुले, मुली आणि त्याची आई हयात असेल तर तीही, सगळे समान वाटेकरी. मूलबाळ नसलेल्या विधवेने स्वतः कमावलेले तर आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांचा नंबर नंतर. नोकरी करून एकट्याने राहणाऱ्या कितीतरी बायकांना हे कोणी सांगितलेलेच नसते.

‘नॉमिनी लावलाय, मग झाले’ हेही रोज ऐकतो. बँकेत किंवा शेअर्सना नॉमिनी पैसे स्वीकारणारा असतो, तेवढ्याने तो मालक होत नाही. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे.

आपल्या अर्थविषयक पानावर मृत्युपत्राचा एक साधा, मराठीतला, अर्ध्या पानाचा नमुना छापावा, ही विनंती. कात्रण कापून मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात देईन.

— एक करसल्लागार वाचक