कोळपणीची वेळ वाफसा ठरवतो, उजेड नाही

महोदय,

राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्याचे ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद ठरवली. कॅमेऱ्याने पिकाचे तास (ओळी) ओळखून आपोआप चालणारी, ओळींमधले तण काढणारी कोळपी आणि ट्रॅक्टर आज ना उद्या मराठवाड्याच्या शेतात येणार, त्यांना अनुदानही मिळणार. ते यावेत, असेच आम्हाला वाटते. मजूर मिळत नाही हे सगळे जाणतात. पण खरेदीआधी त्यांची परीक्षा कोणत्या उजेडात घ्यायची, हे आत्ताच ठरायला हवे. सकाळी अकराला, निरभ्र आकाशाखाली असले कुठलेही यंत्र सरळ चालते. काळ्या रानात पाऊस उघडल्यावर वाफसा, म्हणजे मशागत करता येईल इतपतच ओल, जेमतेम दोन-तीन दिवस टिकतो. तेवढ्यात झुंजूमुंजू झाल्यापासून तिन्हीसांजेपर्यंत कोळपावे लागते, मग आभाळ कसेही असो.

सोयाबीनच्या दोन तासांत ४५ सेंमी अंतर असते. त्यात ३० सेंमीची पास (कोळप्याचे आडवे पाते) लावली तर दोन्ही अंगांना साडेसात सेंमी उरतात. यंत्र एवढेच चुकू शकते. त्यापुढे पास पिकात शिरते. ताशी ४ किमी वेगाने यंत्र सेकंदाला १.१ मीटर पुढे जाते. ऑगस्टमध्ये ढग सरकून ऊन पडले की उजेड क्षणात पाच-दहा पट होतो. कॅमेऱ्याचे स्वयंचलित एक्स्पोजर (किती उजेड आत घ्यायचा ते) सावरायला दहा फ्रेम लागल्या, तर सेकंदाला ३० फ्रेमच्या हिशेबाने यंत्र ३७ सेंमी आंधळे चालते. त्या पांढऱ्याफट चित्रातून पीक परत मिळवता येत नाही, कारण पिक्सेल २५५ वर, म्हणजे कमाल मूल्यावर, गेला की त्यातला रंग गेलाच. पुढे कुठलेही सूत्र लावा.

उपाय महाग नाही. एक्स्पोजर मोजताना आभाळ धरायचे नाही, चित्राचा खालचा जमिनीचा भागच धरायचा. एक फ्रेम सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात आणि पुढची अडीचशेव्या भागात, अशा आलटून पालटून घ्यायच्या आणि ज्यात पान फटफटीत किंवा काळे पडलेले नाही ती वापरायची. अडीचशेव्या भागात यंत्र साडेचार मिलिमीटर सरकते, तेवढी धूसरता चालते. सेन्सर मात्र ग्लोबल शटरचाच, म्हणजे सगळे चित्र एकाच क्षणी टिपणारा हवा. नाहीतर ढेकळांवरच्या हादऱ्यांनी सरळ तासही नागमोडी दिसतो.

हिरवे ओळखायला बहुतेक जण हिरव्याची दुप्पट करून त्यातून तांबडा आणि निळा वजा करतात. आधी तिन्ही रंगांना त्यांच्या बेरजेने भागले की उजेड कमी-जास्त झाल्याचा परिणाम बराच जातो. उजेडाचा रंग बदलल्याचा मात्र जात नाही. सावलीवर निळ्या आभाळाचा उजेड पडतो, म्हणून तेच पान सावलीत निळसर होते आणि त्याचे मूल्य घसरते. मावळतीचे ऊन तांबूस असते, तेव्हाही मूल्य बिघडते. त्यात चित्रातले रंग आपोआप जुळवणारा व्हाइट बॅलन्स चालू राहिला तर शेत हिरवेगार झाल्यावर कॅमेरा तो हिरवेपणाच दोष समजून दाबतो. म्हणून तो बंद ठेवावा आणि यंत्राच्या पुढच्या सांगाड्यावर, चित्राच्या कोपऱ्यात दिसेल अशी राखाडी पट्टी आडवी बसवावी. दर फ्रेमला त्या पट्टीवरून रंग दुरुस्त करता येतो. पट्टी यंत्राच्या सावलीत येता कामा नये आणि धुळीने माखता कामा नये. जमले तर डोळ्यांना न दिसणाऱ्या निकट-अवरक्त किरणांचा कॅमेरा घ्यावा: हिरवे पान तांबडा उजेड बहुतेक शोषते आणि अवरक्त बराचसा परत फेकते, त्यामुळे या दोहोंचे गुणोत्तर ऊन-सावलीत साध्या रंगांपेक्षा जास्त टिकते. केना हे तण आणि सोयाबीन यांतला फरक मात्र त्यानेही कळत नाही. तिथे तासाची सरळ रेघच कामी येते.

आणि ती रेघच सावल्या बिघडवतात. सकाळी पश्चिमेकडे तोंड करून चालणाऱ्या यंत्राची स्वतःची सावली पुढे पडते. तिची कड इतकी सरळ असते की कडा शोधून रेघ काढणारा प्रोग्राम तिलाच तास समजतो. सूर्य कुठे आहे हे वेळ आणि ठिकाणावरून काढता येते, तेव्हा सावलीचा तुकडा आधीच वगळता येतो. ही सोय नसलेले यंत्र घेऊ नये. रब्बीत याहून बिकट. जुलैअखेर भरदुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, पण डिसेंबरात परभणीला भरदुपारीही तो ४७ अंशांवरच राहतो. दोन फुटी पिकाची सावली तेव्हा उत्तरेला सुमारे ५५ सेंमी पडते. ज्वारीचे ४५ सेंमीचे पूर्व-पश्चिम तास असतील तर दोन तासांमधली जागा अख्खी सावलीत जाते. खरिपात नीट चाललेले यंत्र रब्बीत चालेलच, असे म्हणूनच धरता येत नाही.

रात्रीचे काम उलट सोपे, कारण उजेड आपला असतो. फक्त दिवा लुकलुकणारा नसावा आणि तो कॅमेऱ्याला चिकटून नसावा, नाहीतर पावसाळ्यात किडे थेट भिंगासमोर घोंगावतात.

विक्रेत्यांकडून ‘अचूकता ९५ टक्के’ असे कानावर आले तर एकच विचारावे: चाचणीची चित्रे, ज्या चित्रांवरून प्रोग्राम शिकवला त्याच दिवशीची आहेत का? एकाच व्हिडिओतल्या फ्रेम दोन्हीकडे वाटल्या की आकडा फुगतो. चाचणीचा दिवस आणि शेत दोन्ही वेगळे हवेत, आणि शेत आपल्या काळ्या मातीचे हवे, ओले आणि भेगाळलेले दोन्ही.

आमची मागणी अशी. अनुदानाच्या यादीत घेण्याआधी प्रत्येक यंत्र सूर्योदयानंतर तासाभरात, भरदुपारी, मावळतीला आणि अर्धवट ढगाळ दिवशी, पूर्व-पश्चिम तासांत जाऊन-येऊन चालवावे. सरासरी चूक सांगू नये, दर शंभर मीटरला सर्वांत मोठी चूक किती सेंमी ती सांगावी. तास ओळखल्याची खात्री घसरली की यंत्राने पास उचलून आपणहून थांबले पाहिजे. परीक्षेत कॅमेऱ्यावर मुद्दाम पोते टाकून हे बघावे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि आठही जिल्ह्यांतली कृषी विज्ञान केंद्रे यांनी येत्या खरिपापासूनच सोयाबीन, कापूस, तुरीच्या तासांची चित्रे वेळ, उजेडाचे लक्स आणि पिकाचे वय नोंदवून गोळा करावीत आणि सर्वांना मोफत खुली करावीत. पेरणीनंतर पंधराव्या ते पस्तिसाव्या दिवसापर्यंत, रोज चार वेळा, एवढे पहिल्या वर्षाला पुरे.

— शेतीयंत्रांच्या कॅमेरा-प्रणालीवर काम करणारे तंत्रज्ञ, परभणी