तहान, राग आणि विवेक उलगडून दाखवणाऱ्या बाईंस

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

ग्रीकांचा आत्मा म्हटलं की गाडी हटकून मरणानंतरच्या गोष्टींकडे वळते. तुम्ही मात्र प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाचं चौथं पुस्तक काढून सरळ तहानेपासून सुरुवात केलीत, याबद्दल मनापासून आभार. माणसाला तहान असते, तरी तो पाणी पीत नाही. एकच गोष्ट एकाच वेळी, एकाच बाबतीत उलटसुलट वागू शकत नाही. म्हणजे आत ओढणारं एक आणि अडवणारं दुसरं असलंच पाहिजे, हा प्लेटोचा मुद्दा. बहुतेकांचं वाचन वासना विरुद्ध विवेक एवढ्यावर संपतं. तुम्ही आत्म्याच्या तिसऱ्या भागाचा आग्रह धरलात. राग, लाज, मानीपणा यांचं घर असलेला थ्यूमॉस. रोजच्या जगण्यात सगळी मदार त्याच्यावरच असते.

त्याच पुस्तकातला लिऑन्टियस नावाच्या माणसाचा प्रसंग तुम्ही सावकाश वाचून घेतलात, तेही फार बरं झालं. अथेन्सच्या पिरेयस बंदराहून उत्तरेच्या तटाबाहेरून वर येताना त्याला जल्लादापाशी पडलेली प्रेतं दिसतात. बघावंसं वाटतं, किळसही येते. तो तोंड झाकतो, स्वतःशी झगडतो, शेवटी डोळे फाडून धावत जातो आणि डोळ्यांवरच ओरडतो: घ्या मेल्यांनो, बघून घ्या पोटभर! थ्यूमॉस विवेकाच्याच बाजूचा आहे, पण इथे हरल्यावर जागा झाला. रात्री उशिरापर्यंत फोन बघून मग स्वतःवर येणारी चिडचिड हीच. ती दाबायची नाही, आधी कामाला लावायची. ‘कमी बघेन’ हा निश्चय मोघम, त्यात राखण्याजोगं काहीच नसतं. ‘दहा वाजता फोन बाहेरच्या खोलीत’ असं दिवसा, डोकं शांत असताना ठरवलं, तर ते मोडताना लाज वाटते आणि लाज वाटली की पाय अडतो. विवेकाने ठरवलेलं सुखदुःखातून टिकवून धरणं, प्लेटो यालाच शौर्य म्हणतो.

नवव्या पुस्तकातला झोपण्यापूर्वीचा क्रम तर आमच्यापैकी बऱ्याच जणांनी कधी नीट पाहिलाच नव्हता. विवेकाला चांगल्या विचारांचं खाद्य द्यावं. वासनेला उपाशी ठेवू नये, तुडुंबही भरू नये. कुणाशी भांडून, थ्यूमॉस तापलेला ठेवून अंथरुणाला पाठ टेकू नये. यातलं मधलं पथ्य सर्वात जास्त मोडतं. कडक उपासाच्या उत्साहात वासना उपाशी राहते आणि मग विवेकाला शांत बसू देत नाही.

स्टोइक पंथाचा तत्त्वज्ञ एपिक्टेटस याच्याबाबतची तुमची ताकीदही मोलाची. रागीटपणावर त्याचा उपाय मोजणीचा: आधी रोज चिडायचो, मग एक दिवसाआड, मग दोन, मग तीन दिवस सोडून, सलग 30 दिवस सुटले तर देवाला नैवेद्य. कारण प्रत्येक उद्रेक सवयीत सरपण घालतो. मोजणी जरूर घ्यावी, पण स्टोइकांच्या मते राग म्हणजे चुकीचा निवाडा. प्लेटोच्या मते नीट वाढवला तर तोच विवेकाचा साथीदार. दोन्हींची सरमिसळ केली की माणूस अन्यायावरचा रागही रोग समजून मोडून काढायला निघतो. हा फरक तुम्ही पुन्हापुन्हा, न कंटाळता समजावलात.

प्लेटोच्याच ‘फीड्रस’ या संवादात आत्म्याला दिलेल्या रथाच्या उपमेवरची टिपणं झाली की जरूर पाठवा.

आपले कृतज्ञ,
वाचनवर्गातले सर्व विद्यार्थी